परदेशातलं लग्न आणि पाहुण्यांचा प्रवास: ‘गेस्ट मॅनेजमेंट’साठी पैसे मोजावेत का?

परदेशात लग्न ठरलं की जागा, सजावट आणि फोटोग्राफर यांच्यासाठी यजमान दहा ठिकाणी चौकशी करतात. पाहुण्यांच्या प्रवासाचं काम मात्र नियोजन कंपनीच्या पॅकेजमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं: ‘गेस्ट मॅनेजमेंट समाविष्ट’. त्या ओळीत नेमकं काय येतं आणि काय येत नाही, याचं हे परीक्षण आहे. ते एखाद्या कंपनीचं नाही, या सेवेचंच आहे.

बाजारात ही सेवा तीन रूपांत मिळते. एक, पूर्ण सेवा: निमंत्रणाचं उत्तर गोळा करण्यापासून परतीच्या दिवशी पाहुण्याला विमानतळावर सोडण्यापर्यंत सगळं कंपनीकडे. दोन, ट्रॅव्हल एजंट: गटाची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या तो बघतो, बाकीचं तुमचं तुम्ही. तीन, घरच्या घरी: गूगल फॉर्म, गूगल शीट, व्हॉट्सअ‍ॅप आणि कुटुंबातलं एखादं चिकाटीचं माणूस.

निकाल आधीच सांगतो. तिकिटं स्वस्त मिळतील म्हणून ही सेवा घेत असाल तर घेऊ नका, निराश व्हाल. तिचं खरं मोल यादी सांभाळण्यात आहे. कोण कुठून निघणार, कुठल्या पासपोर्टवर, कधी उतरणार, कुणाबरोबर राहणार आणि यातलं काही बदललं की ते आणखी कुणाकुणाला कळवायचं, हे सगळं एका जागी आणि रोज ताजं ठेवणं, हेच मुख्य काम. पाहुणे पंचवीस-तीस, सगळ्यांना व्हिसामुक्त प्रवेश आणि थेट विमान असेल तर तिसरं रूप पुरतं. व्हिसा लागणारे पाहुणे बरेच असतील, ते चार-पाच शहरांतून निघणार असतील किंवा लग्न बेटावर असेल, तर पूर्ण सेवेचे पैसे वसूल होतात. एजंटचा पर्याय तेव्हाच बरा, जेव्हा बहुतेक मंडळी एकाच शहरातून एकत्र निघणार असतात.

कोरा फॉर्म मागा

कंपनीची पारख करायची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे तिचा कोरा फॉर्म मागणं. मागच्या लग्नांचे फोटो आणि हसऱ्या जोडप्यांचे अभिप्राय बाजूला ठेवा. पाहुण्यांना पाठवायचा फॉर्म वाचला की पाच मिनिटांत अंदाज येतो.

‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना असेल तर सावध व्हा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीत आधी आडनाव, मग दोन कोन-खुणा, मग नाव असा क्रम असतो. तिकिटावरचं नाव या विभागणीप्रमाणे हवं. म्हणून फॉर्ममध्ये आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे हवेत आणि ‘पासपोर्टवर आहे तसंच’ ही सूचना रकान्याशेजारीच हवी. घरात वापरायचं नाव, लग्नाआधीचं आडनाव, एका अक्षराचा फरक या चुका प्रत्येक मोठ्या यादीत सापडतातच. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. अशा नावाचं तिकीट कसं काढायचं, याची प्रत्येक विमान कंपनीची रीत वेगळी. चांगली सेवा तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारते. वाईट सेवा अंदाजाने काहीतरी भरते आणि भांडण चेक-इन काउंटरवर पाहुण्याला करावं लागतं.

तारीख सुटी टाइप करू द्यायची नाही. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे देशागणिक बदलतं. महिना अक्षरांत निवडायला लावणारा फॉर्म हा अनुभवी माणसाने केलेला असतो. पासपोर्टचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि संपण्याची तारीख हे तिन्ही हवं, नुसती संपण्याची तारीख पुरत नाही. कारण पुढे येतं.

मुलांची जन्मतारीख विचारलेली आहे का, हेही पाहा. नुसतं वय पुरत नाही. दोन वर्षांखालचं बाळ आई-बाबांच्या मांडीवर प्रवास करू शकतं, पण ते परतीच्या दिवसापर्यंत दोन वर्षांखालीच असायला हवं. प्रवासाच्या मध्येच त्याचा दुसरा वाढदिवस आला तर परतीला स्वतंत्र जागा लागते. ही गोष्ट तिकीट काढताना लक्षात आली तर ठीक, विमानतळावर लक्षात आली तर त्या दिवशीचा भाव द्यावा लागतो.

व्हीलचेअरबद्दल ‘हो/नाही’ एवढाच प्रश्न असेल तर तोही अपुरा. विमान कंपन्या तीन प्रकार धरतात: फक्त लांब चालता न येणारे, जिना चढता न येणारे आणि आसनापर्यंतही स्वतः जाऊ न शकणारे. तिघांसाठी व्यवस्था वेगळी असते आणि मागणी निदान ४८ तास आधी नोंदवलेली असावी. विमान टर्मिनलच्या जोडपुलाला (एरोब्रिजला) न लागता दूर उभं राहिलं तर पहिल्या प्रकारातली व्यक्ती जिना उतरू शकते असं गृहीत धरतात. गुडघे दुखणाऱ्या आजोबांची नोंद चुकीच्या प्रकारात झाली की तिथे खोळंबा होतो.

घरच्या घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायची सोय ठेवली की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉग-इन करावंच लागतं. वयस्कर पाहुणे नेमके तिथेच अडकतात आणि मग पासपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडायला लागतात, जिथे ते अजिबात पडू नयेत. त्यांच्याकडून फोटो एकाच ठरलेल्या माणसाने वैयक्तिक संदेशावर घ्यावेत. दुसरं, शीटमधले फोन आणि पासपोर्ट क्रमांकांचे रकाने आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

व्हिसा: फी इथेच वसूल होते

प्रवेशाचे नियम पाहुणा कुठे राहतो यावर नाही, तर मुख्यतः त्याच्याकडे कुठल्या देशाचा पासपोर्ट आहे यावर ठरतात. एकाच घरातल्या दोघांना वेगळे नियम लागू शकतात. चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी हे नियम बहुधा ‘टिमॅटिक’ या आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) माहितीसंचात तपासतात. सेवा देणारी कंपनीही तोच आधार घेते की ‘आमच्या माहितीप्रमाणे लागत नाही’ असं तोंडी सांगते, हा पहिला प्रश्न. कारण कागद अपुरे असतील तर विमान कंपनी पाहुण्याला चढूच देत नाही. चुकीचा प्रवासी नेला की तिला दंड होतो आणि परत आणायचा भारही तिच्यावरच पडतो.

युरोपातल्या शेंगेन (एकच व्हिसा चालणाऱ्या) देशांत लग्न असेल तर वेळापत्रक स्पष्ट आहे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला नेहमीचे १५ दिवस, पण चौकशी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. यात अपॉइंटमेंट मिळायचे दिवस धरलेले नाहीत आणि हंगामात खरा उशीर तिथेच होतो. पासपोर्ट शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, मागच्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. पासपोर्ट दिल्याची तारीख फॉर्ममध्ये हवी ती यासाठीच. प्रवास विम्याचं संरक्षण निदान ३०,००० युरोंचं लागतं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यात पाहुणे हमखास चुकतात. लग्न इटलीत तीन दिवस आणि पुढे फ्रान्समध्ये आठ दिवस फिरणं असेल तर मुक्काम जास्त कुठे हे बघून सहसा फ्रान्सकडे अर्ज करावा लागतो. ‘अपॉइंटमेंट तिसऱ्याच देशाची लवकर मिळत होती’ म्हणून तिकडे अर्ज करणारे नकार ओढवून घेतात. चांगली सेवा प्रत्येक पाहुण्याला लग्नापुढचा बेत विचारते. बहुतेक कंपन्या विचारत नाहीत, कारण लग्नानंतरचे दिवस त्यांच्या करारात नसतात.

कागदपत्रांतली आणखी एक मेख. हॉटेलचा करार यजमानांच्या नावावर असतो. ‘तीन रात्रींसाठी पन्नास खोल्या राखीव’ असं पत्र पाहुण्याच्या व्हिसा अर्जाला उपयोगाचं नाही, त्यावर त्याचं नाव नसतं. हॉटेलकडून प्रत्येक पाहुण्याच्या नावाची, तारखांसह वेगळी पुष्टी हवी, आणि सोबत यजमानांचं निमंत्रणपत्र: नातं काय, कार्यक्रम कुठे आणि कधी, मुक्कामाचा खर्च कोण करणार. खर्च यजमान करणार असं पत्रात लिहिलं आणि पाहुण्याच्या अर्जात ‘स्वखर्चाने’ असेल तर विसंगती उघडी पडते. पन्नास पत्रं एकाच साच्यातून काढताना हीच चूक होते.

व्हिसाची हमी देणारी कंपनी दिसली तर तिथून उठा. निर्णय दूतावासाचा असतो, दुसरं कुणीही हमी देऊ शकत नाही.

व्हिसा मुक्कामाच्या देशाचाच लागतो असं नाही. अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत ट्रान्झिट असा प्रकारच नाही. नुसतं विमान बदलायलाही तिथे इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे व्हिसा किंवा पात्र असल्यास एस्टा (व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन प्रवास परवानगी) हवाच. मेक्सिको किंवा कॅरिबियन बेटांवरच्या लग्नांत अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसतं आणि मग हा प्रश्न उभा राहतो. पाहुण्यांनी स्वतः काढलेली तिकिटं या एका मुद्द्यावर तपासून देणं, एवढं जरी कंपनीने केलं तरी तिने अर्धं काम केलं असं म्हणायला हरकत नाही.

व्हिसा न लागणाऱ्यांनाही हल्ली ऑनलाइन अर्ज चुकत नाहीत. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं केलं आहे. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. शोधात वर येणारी, शुल्क मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. पाहुण्यांना नुसतं ‘कार्ड भरा’ असं सांगून चालत नाही, थेट दुवाच पाठवावा लागतो, तोही त्या तीन दिवसांतच. महिनाभर आधी पाठवलेला दुवा संदेशांच्या ढिगात गडप होतो. शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गम नोंदणी सुरू केली. त्यात पहिल्यांदा येणाऱ्या बाहेरच्या नागरिकांचा चेहरा आणि बोटांचे ठसे घेतात. म्हणून गाडीची वेळ ठरवताना जुने अंदाज धरू नयेत.

आई किंवा वडील यांच्यापैकी एकाबरोबरच मूल प्रवास करणार असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला सोबत हवा. सगळीकडे मागतात असं नाही, पण मागितलं की त्याला पर्याय नसतो. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्या पाहुण्याला लसीचं प्रमाणपत्र लागू शकतं. लस घेतल्यावर ते दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. जुनं प्रमाणपत्र टाकून देऊ नका. २०१६ पासून ते जन्मभर चालतं.

तिकिटं: गटाचा भाव म्हणजे स्वस्त भाव नव्हे

एका बुकिंगमध्ये साधारणपणे जास्तीत जास्त नऊ प्रवासी बसतात. दहा आणि पुढे विमान कंपनीचा गट विभाग येतो. नियोजन कंपन्या याचं भांडवल करतात: ‘आम्ही ग्रुप फेअर काढून देतो.’ प्रत्यक्षात विमानातल्या जागा भावांच्या पायऱ्यांत विभागलेल्या असतात. सगळ्यांत खालच्या पायरीवर सहा जागा शिल्लक असतील आणि तुम्ही एकदम आठ मागितल्या, तर आठही जागा वरच्या भावाने दिसतात. म्हणून छोट्या कुटुंबाने आधी एका प्रवाशाचा भाव पाहावा, मग चौघांचा. फरक दिसला तर बुकिंग तोडून करावं.

मग गटाचं तिकीट घ्यायचं कशाला? भाव गोठतो, नावं नंतर देता येतात आणि व्हिसा येईपर्यंत पूर्ण पैसे अडकत नाहीत. व्हिसाची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. पण करारातल्या तीन गोष्टी वाचल्याशिवाय अनामत भरू नये: नावं द्यायची शेवटची तारीख, तिकीट काढायची शेवटची तारीख आणि किती टक्के जागा दंडाशिवाय सोडता येतात. चौथी बाब लहान आहे पण त्रासदायक: गट बुकिंगमध्ये आसन निवडणं आणि वेब चेक-इन काही वेळा बंद असतं. शंभर जणांची रांग एकाच काउंटरवर लागते ती त्यामुळे.

सेवेचा कस खरा लागतो तो वेळ बदलल्यावर. विमान कंपनी उड्डाणाची वेळ बदलते तेव्हा सूचना बुकिंगमध्ये नोंदलेल्या ईमेलवर जाते. एजंटने तिथे स्वतःचाच पत्ता दिलेला असेल आणि तो दोन दिवस कार्यालयात नसेल, तर पाहुण्याला काहीच कळत नाही. करारात लिहून घ्या: प्रत्येक बुकिंगमध्ये पाहुण्याचा स्वतःचा फोन आणि ईमेल असेल, आणि वेळबदल कंपनी २४ तासांत कळवेल.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणांची गंमत निराळीच. रविवारी ००:४० चं विमान म्हणजे शनिवारी रात्री नऊ-साडेनऊला विमानतळ. तिकिटावर ‘रविवार’ वाचून रविवारी रात्री बॅग घेऊन निघणारे पाहुणे असतात, शिकलेसवरलेले असतात. चांगल्या कंपनीच्या पत्रकात उड्डाणाच्या वेळेआधी ‘शनिवारी रात्री ९ पर्यंत विमानतळावर पोहोचा’ असं ठळक लिहिलेलं असतं. नमुन्याचं पत्रक मागा आणि नेमकी हीच ओळ शोधा.

वेगवेगळी दोन तिकिटं जोडून केलेला प्रवास स्वस्त दिसतो, पण पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नसते. मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशात शिरायचा व्हिसाही लागू शकतो. अशा पाहुण्यांना एक दिवस आधी यायला सांगावं. आणि ज्यांच्यावाचून समारंभ अडेल, ते वधू-वर, आई-वडील, विधी करणारे, त्यांनी निदान दोन दिवस आधी पोहोचावं. त्यांना एकाच विमानात बसवूही नये.

आणखी एक चूक सगळ्यांना महागात पडते. येण्या-जाण्याच्या तिकिटाचा पहिला टप्पा न वापरता पाहुणा दुसऱ्या शहरातून वेगळ्या तिकिटाने थेट लग्नाला पोहोचतो. विमान कंपनी त्याला गैरहजर धरते आणि परतीचं तिकीटही रद्द होतं. हे त्याला परतीच्या दिवशी काउंटरवर कळतं. बेत बदलला तर आधी कंपनीला फोन, हे पत्रकात लिहिलेलं असावं.

सामानाबद्दल थोडक्यात. लग्नाचे कपडे आणि दागिने केबिनमधल्या बॅगेतच न्यायचे. माँट्रियल करारानुसार चेक-इन सामानासाठी विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपुरती (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) मर्यादित आहे. दागिन्यांसाठी ती पुरणारी नाही आणि मौल्यवान वस्तूंची जबाबदारी कंपन्या बहुधा नाकारतातच. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधीच तिथल्या काउंटरवर नोंद करून तिची प्रत घ्यावी. लेखी तक्रारीची मुदत सामानाच्या नुकसानीसाठी ७ दिवस आणि उशिरा मिळालेल्या सामानासाठी ते हाती आल्यापासून २१ दिवस. पॉवर बँक केबिनमध्येच, १०० वॉट-अवरपर्यंत.

हॉटेलचा करार: एक शब्द नीट वाचा

तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅट्रिशन’. राखून ठेवलेल्या खोल्यांपैकी किती वापरल्याच पाहिजेत, याची ही अट. उदाहरण घ्या. पन्नास खोल्या तीन रात्री म्हणजे १५० खोली-रात्री. अट ८० टक्क्यांची असेल तर १२० वापरणं बंधनकारक. प्रत्यक्षात १०५ भरल्या तर उरलेल्या १५ चे पैसे यजमानांच्या माथी. ही मोजणी सगळ्या रात्री मिळून करायची की प्रत्येक रात्रीची वेगळी, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. पहिल्या रात्री कमी आणि लग्नाच्या रात्री जास्त पाहुणे असतात, त्यामुळे एकत्र मोजणी नेहमी फायद्याची. पाहुण्याने दुसऱ्या संकेतस्थळावरून त्याच हॉटेलात खोली घेतली तर तीही या मोजणीत धरली जावी, ही अट घालायला लावा. बहुतेक हॉटेलं मागितल्याशिवाय देत नाहीत.

नियोजन कंपनीचा हितसंबंध इथेच येतो. अनेकांना हॉटेलकडून खोल्यांवर कमिशन मिळतं, म्हणजे जास्त खोल्या राखण्यात त्यांचा फायदा आणि अ‍ॅट्रिशनचा धोका तुमचा. यात गैर काही नाही, पण उघडपणे विचारावं: तुमची फी माणशी आहे, खोलीमागे आहे की कमिशनवर? माणशी ठरलेली फी घेणाऱ्यांचा सल्ला आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

सकाळी सहाला उतरणाऱ्या विमानाचे पाहुणे हे हॉटेल नियोजनातलं कायमचं दुखणं. खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते. वयस्कर पाहुण्यांसाठी आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यावी लागते आणि हॉटेलला ‘पाहुणा पहाटे येणार’ हे लेखी कळवावं लागतं. नाहीतर रात्री न आल्यामुळे त्याला गैरहजर धरून खोली दुसऱ्याला देऊन टाकतात. बाकी रूमिंग लिस्टमध्ये, म्हणजे कोण कुठल्या खोलीत याच्या यादीत, दोन वेगळे पलंग की एक मोठा, जोडलेल्या खोल्या कुणाला आणि लिफ्टजवळची खोली कुणाला, एवढं नोंदवलं तरी बरंच साधतं.

विमानतळ ते हॉटेल

गाड्यांची यादी नावांच्या क्रमाने असेल तर ती कामाची नाही. ती उतरण्याच्या वेळेच्या क्रमाने हवी. विमान क्रमांक, टर्मिनल, पाहुण्याचा परदेशात चालणारा फोन नंबर, बॅगांची संख्या, लहान मुलाचं आसन हवं का, आणि न सापडल्यास कुणाला फोन करायचा, हे एका ओळीत दिसलं पाहिजे. टर्मिनल चुकलं तर पाहुणा एका दारात आणि चालक दुसऱ्या दारात, दोघेही अर्धा तास ताटकळतात. जवळच्या वेळेत उतरणाऱ्यांना एका बसमध्ये घालताना शेवटच्या विमानाचा उशीर सगळ्यांना सोसावा लागतो. तेव्हा पहिला पाहुणा किती वेळ थांबेल याची कमाल मर्यादा आधीच ठरवा. एक तासावर कुणी खूश राहत नाही. बस घेताना आसनं भरून हिशेब करू नका, सामानाला जागा लागते.

बेटावर लग्न असेल तर सगळा हिशेब शेवटच्या बोटीपासून उलटा मांडायचा. मालदीवमधली सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी उशिरा उतरणाऱ्यांना ती रात्र मालेजवळ काढावी लागते आणि त्या खोलीचा खर्च कुणाच्याच बजेटमध्ये धरलेला नसतो. पाहुण्यांना तिकीट काढण्याआधी ‘या वेळेपर्यंत उतरणारंच विमान घ्या’ असं सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही.

निरोप पोहोचवण्याबाबत कंपन्या स्वतःच्या अ‍ॅपचा बराच गाजावाजा करतात. आमच्या मते हा या सेवेचा सगळ्यांत फुगवलेला भाग. तीन दिवसांच्या कार्यक्रमासाठी मावशी नवं अ‍ॅप उतरवून घेणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच चालतं, पण त्यात एक अडचण आहे. ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात आणि पाठवणाऱ्याचा नंबर ज्यांनी फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. कंपनीचा नवा नंबर बहुतेकांनी साठवलेला नसतो. म्हणून फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा ग्रुप काढा आणि प्रत्येकाला त्याच्या नावाचं एका पानाचं पत्रक स्वतंत्र पाठवा. ते छापून घ्यायला सांगा. उतरल्यावर इंटरनेट नसतं आणि हॉटेलचा पत्ता इमिग्रेशनच्या रांगेत विचारला जातो.

परतीचा दिवस बहुतेक कंपन्यांकडून ढिला पडतो. येताना पाटी घेऊन उभी असलेली मंडळी जाताना दिसत नाहीत. प्रत्येकाच्या निघण्याची वेळ आदल्या संध्याकाळी खोलीच्या दाराखाली सरकवलेल्या चिठ्ठीवर हवी, गाडीच्या क्रमांकासह. समुद्रकिनारी लग्न असेल तर त्याच चिठ्ठीत एक ओळ वाढवावी. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेच्या सूचनेप्रमाणे स्कूबाच्या एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये. रिकाम्या सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी विमान पकडायचा बेत तरुण पाहुण्यांच्या मनात असतोच.

करार करताना शेवटच्या हप्त्याबद्दल घासाघीस जरूर करा. बहुतेक कंपन्या पूर्ण रक्कम लग्नाआधी मागतात. निदान १५-२० टक्के रक्कम शेवटचा पाहुणा विमानात बसल्यानंतर देण्याची अट घाला, म्हणजे परतीच्या गाड्या वेळेवर येतात. रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव करारात घ्या, ‘हेल्पलाइन’ असं मोघम नको. आणि पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती समारंभानंतर ३० दिवसांत पुसून टाकल्याचं कंपनीकडून लेखी मागून घ्या. शेकडो लोकांचे पासपोर्ट आणि जन्मतारखा एका शीटमध्ये आहेत आणि तिचा दुवा हॉटेल, गाडीवाला आणि एजंट अशा सगळ्यांकडे गेलेला असतो. गाडीवाल्याला फक्त नाव, विमान आणि फोन एवढेच रकाने दिसतील अशी वेगळी शीट सुरुवातीलाच करून द्यायला सांगा.